शब्बाथ पुन्हा घरात आणताना: बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी यहुदी) तरुणांसाठी

वहीचं एक पान घ्या आणि तुमच्या घरात आज जे जे पाळलं जातं ते लिहून काढा. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा, शुक्रवारी संध्याकाळी लागणारा दिवा. दारातून जाताना मेझुझाला (चौकटीवरच्या शास्त्रवचनाच्या डबीला) हात लावून ओठांना टेकवणं. लग्नाआधी किंवा नवस फेडताना होणारा मलिदा, म्हणजे पोहे-फळांच्या ताटाचा विधी. कोळंबी आणि खेकडे घरात न येणं. मांस आणि दूध एकत्र होऊ नये म्हणून मटणाला दह्याऐवजी नारळाचं दूध. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, पांढरे कपडे. बहुतेक घरांतली यादी दहा-बारा ओळींच्या पुढे जाते, आणि ‘आमच्या घरी काहीच पाळत नाहीत’ असं म्हणणाऱ्यालाही ती पाहून नवल वाटतं.

ही यादी करायची ती पुढचं सगळं हिच्यावर उभं करायचं आहे म्हणून. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर उतरल्याची आठवण सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांकडे पुस्तकं उरली नव्हती. उरलं ते शेमा (देव एकच, ही मूळ प्रार्थना), आठव्या दिवसाची सुंता, खाण्याचे नियम आणि शब्बाथ. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्यामुळे विशी-पंचविशीत धर्माकडे वळणाऱ्या बेने इस्राएल मुलामुलींनी कोऱ्या पाटीवरून सुरू करू नये. इंटरनेटवर सापडणारं बरंचसं मार्गदर्शन न्यूयॉर्क किंवा जेरुसलेमच्या अश्केनाझी (युरोपीय यहुदी) घरांसाठी असतं. ते जसंच्या तसं उचललं की आजी जे बरोबर करत होती तेच चूक वाटायला लागतं. आपली प्रार्थना आणि रिवाज सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या यहुद्यांच्या, वळणाचे आहेत. एखादा नियम वाचला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा सेफार्दींसाठी आहे का?

विचारण्यासाठी एकच माणूस ठरवा. तुमच्या सिनेगॉगचे (प्रार्थनास्थळाचे) हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, असोत किंवा रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, पण एकच. तिघांना विचारून सोयीचं उत्तर निवडलं तर पाळणं वाढत नाही, आणि सगळ्यांत कडक उत्तर निवडलं तर चार महिन्यांत दम संपतो. प्रश्न वहीत लिहून न्या. ‘कोशेर, म्हणजे खाण्याचे नियम, कसं पाळू?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘आमच्या कुकरची रिंग मटणालाही तीच आणि खिरीच्या भातालाही तीच, काय करू?’ याला असतं.

याच सुमारास एक कागदी कामही उरकून घ्या. आई-वडिलांचा आणि आईच्या आईचा केथुबा, म्हणजे लग्नाचा करार, शोधून त्याची नीट प्रत करून ठेवा. बेने इस्राएलांच्या यहुदीपणाबद्दल इस्राएलच्या रब्बी मंडळाने घेतलेला आक्षेप १९६४ मध्ये मागे पडला, तरीही लग्न किंवा स्थलांतराच्या वेळी आईकडची वंशरेषा दाखवावी लागते. जुन्या सिनेगॉगच्या नोंदवह्या पावसाने खराब होतात, म्हणून हे लवकर करा. आई किंवा आजी जन्माने यहुदी नसेल तर ती गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. तिला रीतसर वाट आहे, पण ती वाट उशिरा कळली की फार दुखतं.

आधी शब्बाथ

सुरुवात शब्बाथपासूनच करावी असं आमचं ठाम मत आहे. स्वयंपाकघर बदलायला घरातल्या सगळ्यांची तयारी लागते. शब्बाथ तुम्ही एकट्याने, आहे त्या घरात, येत्या शुक्रवारी सुरू करू शकता.

पूर्ण शब्बाथ एकदम धरू नका. पहिले दोन महिने फक्त शुक्रवारची रात्र: दिवा, किद्दुश (पेल्यावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना), जेवण, आणि फोन कपाटात. त्यानंतर शनिवारी दुपारपर्यंत. मग हवदालापर्यंत, म्हणजे शब्बाथ संपवणाऱ्या विधीपर्यंत. एक टप्पा सलग आठ आठवडे न मोडता जमला की पुढचा घ्यायचा. मधे एखादा शुक्रवार मोडला तर टप्पा सोडायचा नाही, आठवडे पुन्हा मोजायला लागायचं.

वेळ सूर्यास्तावर ठरते. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवे ५ वाजून ४० मिनिटांच्या आसपास. जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त ७.२० च्या जवळ जातो आणि दिवे सातनंतर लागतात. अडचण हिवाळ्याची. फोर्टातलं ऑफिस सोडून ठाण्याला पोचायचं, अंघोळ करायची, जेवण झाकून ठेवायचं, तर साडेतीनला निघायलाच हवं. ‘पाचची फास्ट पकडली की होईल’ हा हिशेब एका सिग्नल-बिघाडात कोसळतो. ऑक्टोबरमध्येच साहेबांशी बोलून हिवाळ्यातल्या शुक्रवारचे दोन तास सोमवार ते गुरुवारात भरून द्या. शब्बाथ संपतो तीन तारे दिसल्यावर, मुंबईत सूर्यास्तानंतर साधारण ३५ ते ४० मिनिटांनी. नेमकी वेळ दर आठवड्याच्या पंचांगातून, म्हणजे लूआखमधून घ्या. पुण्याची वेळ मुंबईला लावू नका.

किद्दुशसाठी बाजारातली वाइन किंवा द्राक्षरस चालत नाही, त्यावर यहुदी देखरेख असावी लागते. आपल्याकडचं मनुकांचं सरबत ही अडचण कधीचं सोडवून बसलंय. एक वाटी काळ्या मनुका धुऊन, एकेक पाहून घ्या. देठाशी अळी किंवा जाळी असते. दोन वाट्या पाणी घालून गुरुवारी रात्री भिजवा. शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात उकळी आणा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. मनुका चिमटीत पिळल्यावर तिच्यातून रस निघायला हवा. चिपाडासारख्या कोरड्या मनुकांचं नुसतं रंगीत पाणी होतं आणि त्यावर द्राक्षवेलीची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणता येत नाही. गाळणं दिवे लागण्याआधीच उरकायचं, कारण शब्बाथला फळ पिळणं मना आहे. पेला किमान ८६ मिलिलिटरचा हवा. नेहमीचा लहान स्टीलचा पेला याहून मोठाच असतो, तरी एकदा मापून घ्या.

भाकरीच्या बेराखासाठी दोन अख्ख्या पोळ्या चालतात, कापलेल्या नकोत. त्या गव्हाच्याच हव्यात. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या भाकरीवर ‘हामोत्सी’ ही बेराखा होत नाही.

शब्बाथला मना असलेली कामं ३९ आहेत. पुस्तकात ती पेरणी, नांगरणी अशी सुरू होतात आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वाटतं, यातलं मी काय करतो? खरं तर मराठी स्वयंपाकघरात ती पदोपदी भेटतात. तांदळातले खडे निवडणं हे ‘बोरेर’: नको ते हव्यातून वेगळं काढणं. ओलं खोबरं वाटणं, वेलदोडा कुटणं हे दळणं. कुंडीतल्या तुळशीला किंवा कढीपत्त्याला पाणी घालणं ही पेरणी, आणि त्याचं पान खुडणं ही कापणी. म्हणून तांदूळ, डाळ, कोथिंबीर शुक्रवारी दुपारपर्यंत निवडून डब्यात. ताटातला मासा खाताना काटे बाजूला काढून ढीग लावू नका. मांस काट्यावरून उचलून खा.

गरम जेवणासाठी गॅसवर पत्रा ठेवून मंद ज्योत रात्रभर पेटती ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. बंद खिडक्यांच्या लहान स्वयंपाकघरात हे करू नका. ज्योत विझून गॅस साठला तर जिवावर बेतेल, आणि जीव शब्बाथच्या वर आहे. त्यापेक्षा भात, आमटी, मटण पूर्ण शिजवून दिवे लागण्याआधी कॅसरोलमध्ये भरा. चांगल्या कॅसरोलमध्ये रात्रीचं जेवण गरम राहतं. शनिवारी दुपारी गार खायचे पदार्थ ठेवा: तळलेला मासा, कोशिंबीर, उकडलेली अंडी. चहा तयार करून थर्मासमध्ये भरा, सकाळची तलफ भागते.

शुक्रवारी दिवे लावण्याआधी घरभर एक फेरी मारा. फ्रिजचा दिवा काढा किंवा त्याची कळ चिकटपट्टीने दाबून टाका. गीझरचा खटका बंद. बाथरूमचा आणि जेवणघराचा एक दिवा चालू. फोन, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, पेनं एका खणात. हल्ली सोसायट्यांच्या जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारे दिवे असतात. त्यांची जागा माहीत करून घ्या आणि शनिवारी कोणत्या जिन्याने उतरायचं ते आधीच ठरवा. लिफ्ट नाही. वॉचमनला ‘बटण दाब’ असं सांगणंही बसत नाही, आपल्यासाठी दुसऱ्याकडून मना काम करवणंही मना आहे.

रस्त्यावर काही उचलून नेता येत नाही, घराची किल्लीसुद्धा नाही, एरूवची, म्हणजे आतली जागा एकाच घरासारखी धरणारी, हद्द आखलेली असल्याशिवाय. घरात कोणी असेल तर प्रश्न नाही. एकटे राहत असाल तर किल्ली पट्ट्याच्या बक्कलचा भाग होईल असा पट्टा करून घ्या. खिशात ठेवणं आणि पट्ट्याला नुसती लटकवणं, दोन्ही चालत नाही.

खरा पेच अंतराचा. मशीद बंदरजवळचं शाआर हारहामीम १७९६ चं, पण तिथे चालत जाण्याइतक्या अंतरावर आता फार थोडी कुटुंबं राहतात. ठाण्याच्या शाआर हाशामाईमच्या आसपास मात्र अजून वस्ती आहे. लांब राहणाऱ्यांसमोर दोनच प्रामाणिक पर्याय आहेत: शनिवारी घरीच प्रार्थना करणं, किंवा महिन्यातून एकदा सिनेगॉगजवळच्या नातेवाइकांकडे शुक्रवारी मुक्कामाला जाणं. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. एकट्याने पाळलेला शब्बाथ सहा महिन्यांत कोरडा पडतो. मामा-मावशीकडे जाताना शिधा आणि गोडधोड घेऊन जा, आणि हे दरवेळी गृहीत धरू नका.

स्वयंपाकघर

मासळीने सुरुवात करा. ते सोपं आहे, आणि कोकणी घराला निम्मं आधीच येतं. पर आणि खवले, दोन्ही हवेत, आणि खवला कातडी न फाटता निघायला हवा. पापलेट, हलवा, रावस, बांगडा, सुरमई, जिताडा, रोहू चालतात. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, माकूल, मुशी, वाम, शिंगाळा चालत नाहीत. मासा अख्खा किंवा कातडीसकट घ्या. सोललेल्या तुकड्यावरून तो कोणता हे ठरत नाही. कोळणीची सुरी आणि फळी नुकतीच कोळंबीवरून आलेली असते, म्हणून शक्य असेल तर साफ घरीच करा. नाहीतर फळी-सुरी तिच्याकडून समोर धुऊन घ्या आणि घरी आणल्यावर कापलेली बाजू खरवडून पुन्हा धुवा. सेफार्दींत बरेच जण माशात दूध-लोणी घालत नाहीत. मासा आणि मटण एका भांड्यात शिजवायचं नाही, हे तर सगळ्यांनाच लागू.

मटण-चिकन शोहेतने, म्हणजे धर्मरीतीने कापणाऱ्याने, कापलेलंच हवं. हलाल म्हणजे कोशेर असा समज घराघरांत आहे, तो चुकीचा आहे. कापणारा, सुरीची तपासणी, कापल्यानंतर फुप्फुसाची पाहणी, सगळंच वेगळं. आपल्याकडे पुष्कळदा हज्जानच शोहेत असतात. ते कोणत्या वारी कापतात हे विचारून महिन्याचा बेत करा. कोशेर मांस मिळत नसेल त्या आठवड्यात मासे आणि डाळी खा.

घरी रक्त काढण्याची रीत अशी. मांस ७२ तासांच्या आत हाताळायचं. साध्या गार पाण्यात अर्धा तास बुडवा, मग पाच मिनिटं निथळू द्या. जाडं खडे मीठ सगळ्या बाजूंनी, चिकनच्या पोकळीतही, चोळा. बारीक मीठ विरघळून जातं आणि रक्त ओढत नाही. भलेमोठे खडेही नकोत, ते घरंगळतात. भोकं असलेल्या चाळणीत किंवा तिरक्या फळीवर एक तास ठेवा, खाली रक्त साचता कामा नये. सपाट परातीत ठेवलं तर मांस स्वतःच्याच रक्तात बसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी तीन पाण्यांनी धुवा. कलेजी या पद्धतीने होत नाही. तिला चिरा द्या, मीठ भुरभुरवा आणि उघड्या ज्योतीवर जाळीवर भाजा, मगच रश्श्यात घाला. फ्रिजरमध्ये टाकण्याआधी हे सगळं उरकलेलं असावं.

दूध आणि मांस वेगळं ठेवताना मराठी घराला दोन गोष्टी चकवतात. पहिली तूप. ते दुधाचंच आहे, म्हणून बिर्याणीवर, मटणाच्या फोडणीत, मटणाबरोबरच्या पोळीवर ते नको. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल वापरा. दुसरा चहा. मटणानंतर दुधाच्या चहासाठी सहा तास थांबायचं. दुपारी एकला मटण जेवलात तर चारचा चहा कोरा. नारळाचं दूध मात्र आपलं मोठं बळ आहे. सोलकढी मटणाबरोबर बिनधास्त.

भांडी वेगळी करताना सगळं एकदम विकत घेऊ नका. आधी दोन सुऱ्या, दोन चिरण्याच्या फळ्या, दोन घासण्या. मग मांसासाठी एक पातेलं, एक कढई, एक झारा आणि दोन ताटं, मांडणीवर वेगळ्या फळीवर. नंतर कुकर. स्टीलची जुनी भांडी शुद्ध करता येतात: कडा आणि कड्यांखालची मळी घासून काढा, २४ तास वापरू नका, मग खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून लगेच गार पाणी ओता. कुकरची रबरी रिंग नवी घ्या, शिट्टी सुटी करून उकळा. नॉनस्टिक तवा आणि मातीची भांडी या पद्धतीने शुद्ध होत नाहीत, नवी आणणं स्वस्त पडतं. सेफार्दी रिवाजात काच नुसती स्वच्छ धुतली की पुरते.

दुकानातून आणलेली नवी धातूची आणि काचेची भांडी वापरण्याआधी मिकवेमध्ये (धार्मिक शुद्धीच्या पाण्यात) बुडवायची. समुद्र हा धर्मशास्त्राने मान्य केलेला मिकवे आहे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं भाग्य. ओहोटीच्या खडकाळ जागी जाऊ नका. भरतीच्या शांत पाण्यात, जाळीच्या पिशवीत भांडी सैल ठेवून एकदम बुडवा. सगळ्यांत जास्त चूक होते ती लेबलची. किमतीचं स्टिकर किंवा त्याचा चिकटा राहिला तर पाणी तिथे पोचत नाही आणि बुडवणं फुकट जातं. आदल्या दिवशी तेल लावून चिकटा काढा. भांड्यावर कोरलेल्या नावाची अडचण नाही. मिक्सरचं स्टीलचं भांडं बुडवायचं, मोटर नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून आल्यावर भांडी साबणाने धुवा, हे सांगायला नको.

स्वयंपाकाला बाई येत असतील तर सेफार्दी नियम जरा कडक आहे: नुसता गॅस आपण पेटवून भागत नाही, पातेलंही आपल्या हाताने ज्योतीवर चढवावं लागतं. चिरणं, मळणं, ढवळणं त्यांनी केलं तरी चालतं. त्यांना यामागचं कारण नीट, आदराने सांगा. सोवळ्या-ओवळ्याच्या आठवणींमुळे ‘माझ्या हातचं चालत नाही’ असा चटकन गैरसमज होतो, आणि तो झाला तर दोष आपला.

‘प्युअर व्हेज’ हॉटेल आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. मांस-अंडं नाही, एवढंच त्यातून कळतं. भाजीतली कीड, चीजचं विरजण, द्राक्षाचं व्हिनेगर, कोणी शिजवलं, यातलं काही कळत नाही. पहिल्या वर्षी बाहेर फक्त शाकाहारी खाणं ही ठीक पायरी आहे. तिथेच कायम थांबायचं नाही, एवढं मनात असू द्या. ऑफिसच्या सहलीत अख्खं केळं, संत्रं, शहाळं, काचेच्या पेल्यातला कोरा चहा यांवर दिवस निभावतो. पनीर घरी लिंबाने दूध फाडून करा. पालक, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर पावसाळ्यात नीट पाहायलाच हवेत. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग पानन् पान उजेडासमोर धरून. रवा, मैदा, बेसन चाळून घ्या.

अक्षरं, प्रार्थना, बेराखा

मराठी लिपीत छापलेल्या प्रार्थनांवर अनेक पिढ्यांचं निभावलं आहे, आणि सुरुवातीला तुम्हीही त्याच वापरा. पण सोबत हिब्रू अक्षरं शिकायला घ्या. रोज २० मिनिटं दिली तर दीड-दोन महिन्यांत सावकाश वाचता येतं. देवनागरीवाल्याला स्वरचिन्हं सोपी जातात. अक्षराखालच्या खुणा आपल्या काना, मात्रा, वेलांटीसारख्याच, आणि ‘शेवा’ पुष्कळदा पाय मोडल्यासारखा. घोटाळा व्यंजनांत होतो. दालेत आणि रेश, बेत आणि खाफ, हे आणि हेत या जोड्या दिसायला जुळ्या आहेत. त्या रोज एकमेकांशेजारी लिहून घोटवा. शेमाच्या पहिल्या ओळीत ‘एहाद’ या शब्दाचं शेवटचं अक्षर दालेत आहे. त्याचं रेश केलं तर ‘एक’ चा ‘दुसरा’ होतो. म्हणूनच तोराच्या (धर्मग्रंथाच्या) गुंडाळीत ते अक्षर मोठं लिहितात.

दिवसाच्या प्रार्थनेचा क्रम असा वाढवा: उठल्यावर ‘मोदे आनी’ (बायका ‘मोदा आनी’ म्हणतात) आणि हात धुणं, मग सकाळ-रात्र शेमा, मग सकाळची आमिदा (मुख्य प्रार्थना), शेवटी मिनहा (दुपारची) आणि आरविथ (रात्रीची). सकाळच्या शेमाला वेळेची मर्यादा आहे, दिवसाच्या पहिल्या चौथ्या भागापर्यंत. मुंबईत नऊच्या आत म्हटलं की बारा महिने बसतं. लोकलच्या गर्दीत आमिदा म्हणू नका. ती उभं राहून, मन लावून म्हणायची असते. दहा मिनिटं लवकर उठणं बरं.

हात धुवायला घरचा स्टीलचा तांब्या उत्तम, कड फुटकी नको. सकाळी उजवा, डावा असं आलटून-पालटून तीनदा. पोळी खाण्याआधी मात्र आधी पूर्ण उजवा, मग पूर्ण डावा.

पुरुषांनी तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि डोक्याला बांधायच्या चामड्याच्या डब्या) घेण्याची घाई करू नये. त्यांच्या आत हाताने लिहिलेली चर्मपत्रं असतात आणि ते महाग असतात. स्वस्तात मिळाले तर आत छापील कागद असण्याची शक्यता असते. आधी सिनेगॉगमधले वापरून हज्जानांकडून बांधायला शिका: आधी हात, मग डोकं, सेफार्दी रिवाजात एकच बेराखा, मधे बोलायचं नाही. शब्बाथला आणि सणाला बांधत नाहीत. मेझुझाचंही तसंच. शोभेची डबी कुठेही मिळते, पण आतलं चर्मपत्र हाताने लिहिलेलं हवं. घरात शिरताना उजव्या हाताच्या चौकटीला, वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, आपल्या रिवाजात उभी लावायची. सात वर्षांत दोनदा तपासायचं असा नियम आहे, पण कोकणातल्या पावसात शाई तडकते. चर्मपत्र पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि दर एक-दोन पावसाळ्यांनंतर उघडून पाहा.

खाण्याच्या बेराखांत आपल्या ताटाचे पदार्थ पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून थोडे इथे. गव्हाच्या पोळीला हात धुऊन ‘हामोत्सी’, नंतर पूर्ण बिरकाथ हामाझोन, म्हणजे जेवणानंतरची आभाराची प्रार्थना. भात आणि तांदळाची भाकरी: ‘मेझोनोथ’, नंतर ‘बोरे नेफाशोथ’. ज्वारी-बाजरीची भाकरी: ‘शेहाकोल’. आंबा, फणस, चिकू, सीताफळ, खोबरं: झाडाच्या फळाची. केळं आणि भुईमूग: जमिनीच्या पिकाची. केळीचा बुंधा दरवर्षी नव्याने येतो, म्हणून ते झाड धरत नाहीत. चहा, उसाचा रस, शहाळ्याचं पाणी: ‘शेहाकोल’. मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरं, खजूर, केळं सगळंच असतं. कोणती बेराखा आधी हा क्रम हज्जानांकडून एकदा नीट समजून घ्या. एलियाहू हानावीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने होणारा हा विधी फक्त आपला आहे. बाहेरचं कोणी ‘हे यहुदी नाही’ म्हणालं म्हणून तो सोडू नका.

नोकरी आणि सण

काम मना असलेले सणाचे दिवस भारतात वर्षाला १३: रोश हाशानाचे (नववर्षाचे) २, योम किप्पूरचा १, सुक्कोथचे (मांडवांच्या सणाचे) ४, पेसाहचे (मिसरातून सुटकेच्या सणाचे) ४, शावुओथचे (तोरा मिळाल्याच्या सणाचे) २. त्यांतले काही शनिवार-रविवारी पडतात, तेव्हा रजा कमी लागते. जानेवारीतच पुढच्या वर्षभराची तारखांसह यादी लेखी द्या. ऐन वेळी मागितलेली रजा बहाणा वाटते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, अर्जात तो उल्लेख करायला हरकत नाही. शनिवारी परीक्षा येत असेल तर वेळापत्रक जाहीर झाल्या दिवशी अर्ज करा, सोबत सिनेगॉगच्या समितीचं पत्र जोडा. नवी नोकरी शोधताना पाच दिवसांचा आठवडा ही पहिली अट ठेवा. पगारात थोडं कमी मिळालं तरी.

पेसाहला, म्हणजे आपल्या अनशी ढाकाच्या सणाला, भिंतींना चुना आणि भांड्यांना कल्हई हा जुना शिरस्ता होता. आज चुना नसला तरी झाडलोट महिनाभर आधी सुरू करा. हामेत्स, म्हणजे पेसाहला वर्ज्य असलेलं आंबलेलं अन्न, गहू, जव, राय, ओट, स्पेल्ट या पाच धान्यांचं. पोळी, रवा, शेवया, बिस्किटं सगळ्यांना आठवतात. हिंग कोणालाच आठवत नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेकदा मैदा असतो, आणि तो फोडणीतून प्रत्येक पातेल्यात जातो. हिंगाची डबी आणि हिंग घातलेली लोणची, मसाले, पापड आठ दिवस बाहेर. भात सेफार्दी रिवाजात चालतो, पण तीन वेळा निवडून, गव्हाचा दाणा नाही याची खात्री करून.

घरची माणसं

इतकं सगळं बदलताना आईला सर्वांत आधी काय ऐकू येतं? ‘तुझ्या हातचं मी खाणार नाही.’ हे वाक्य तोंडातून कधीही जाऊ देऊ नका. त्याऐवजी मांसाची वेगळी कढई तुम्ही आणा, तुम्ही घासा, शुक्रवारचा स्वयंपाक तुम्ही करा. भार तुमच्यावर असेल तर विरोध कमी होतो. आई-वडिलांचा मान ही दहा आज्ञांपैकी पाचवी आहे, मांस-दुधाच्या नियमासाठी ती मोडायची नसते. पण ते कोळंबी खा म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणता येतं, कारण तेही त्याच आज्ञांना बांधलेले आहेत. पेच पडला की ठरवलेल्या त्या एकाच माणसाकडे जा.

मित्रांच्या लग्नाला, गणपतीच्या आमंत्रणाला काय करायचं हेही तिथेच विचारा. माणूस म्हणून भेटणं, फळं घेऊन जाणं यात अडचण नाही. पूजेत भाग घेणं आणि प्रसाद खाणं यात आहे. प्रसाद हातात घेऊन नंतर टाकून देण्यापेक्षा आधीच हात जोडून ‘आमच्यात चालत नाही’ म्हणणं सरळ. शनिवार तेल्यांचे शेजारी हे समजून घेत होते, आजचेही घेतात.

जुनी फाटकी सिद्दूर (प्रार्थनेची पुस्तकं) रद्दीत देऊ नका. देवाचं नाव असलेली पानं सिनेगॉगमध्ये गेनिझासाठी (आदराने वेगळी जपण्यासाठी) ठेवतात.

पावसाळा सरला की नव्याच्या सणाच्या, रोश हाशानाच्या, आधी कोकणातल्या एखाद्या सिनेगॉगच्या मुकादमांना (व्यवस्था पाहणाऱ्यांना) फोन करा. अलिबागचं मागेन अबोथ, पनवेलचं आणि रेवदंड्याचं बेथ एल, पेणचं बेथ हाएलोहीम. रायगडातल्या अनेक ठिकाणी सणालासुद्धा मिन्यानचे (सामूहिक प्रार्थनेला लागणारे) दहा पुरुष जमवताना ओढाताण होते. तोरा वाचता येणारा किंवा नुसता दहावा म्हणून उभा राहणारा एक तरुण आला तरी काद्दिश (दहा जण असतानाच म्हणायची प्रार्थना) म्हणता येतो, गुंडाळी उघडता येते. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी पोचा, राहण्याची जागा चालण्याच्या अंतरावर ठरवा, दोन दिवसांचं शिजवलेलं जेवण, पांढरी टोपी आणि मनुकांच्या सरबताची बाटली बरोबर घ्या.